गाळावर उतरणारे पाहुणे

नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला निघायचे, तर थंडी किती पडली आहे याबरोबर कालव्याचे आवर्तन केव्हा सुटले आहे, हेही विचारून घ्यावे. निफाड तालुक्यातले हे अभयारण्य पाहणाऱ्याला एरवी त्याचा अर्धाच भाग दिसतो. मनोऱ्यावरून समोर थवे दिसतात, पण ते थवे कुठे बसणार आणि कोणते बसणार, हे ठरवणारे पाणी मात्र दरवाजे, पाळ्या आणि पाटबंधारे खात्याच्या नोंदवह्यांतून फिरत असते.

गोदावरी उगम पावते त्या त्र्यंबकच्या डोंगरांत पाऊस धो धो कोसळतो. तिथून सत्तरेक किलोमीटर पूर्वेला निफाडचा पट्टा लागतो, तोवर सह्याद्रीची पर्जन्यछाया सुरू झालेली असते. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर दगडी बंधारा घालण्यात आला. वर १९१६ मध्ये दारणा धरण पूर्ण झाले आणि तिथले पाणी या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत वळू लागले. येवला, कोपरगाव, राहाता या भागांतली बागायत याच कालव्यांवर उभी राहिली. इथे एक पाणपक्षीही यावा, असा हेतू त्या आराखड्यात नव्हता.

पुढचे काम नदीने केले. दरवर्षीच्या पुरात गोदा आणि कादवा गाळ घेऊन येतात, बंधाऱ्याला अडून पाणी संथ होते आणि गाळ तळाशी बसतो. शंभर वर्षांत जलाशय उथळ झाला, मध्ये बेटे वर आली, काठाने पाणकणीस आणि लव्हाळे माजले, बाभळी वाढल्या. साठवणक्षमता घटली, हे पाटबंधाऱ्याच्या हिशेबात नुकसानच आहे. पक्ष्यांसाठी मात्र या गाळानेच घर बांधले.

यामागचे कारण सरळ आहे. थापट्या, तलवार बदक, गडवाल, चक्रांग ही हिवाळी बदके बुडी मारून खात नाहीत. शेपूट वर, डोके पाण्यात, अशी उलटी होऊन मान पोचेल तिथवरचेच ती खातात. पाणी फुटा-दीड फुटाहून खोल झाले की तळ त्यांच्या आवाक्याबाहेर जातो. शेकाट्याला त्याहून कमी, त्याच्याच गुडघ्याइतके पाणी लागते, तर तुतवारांना नुसता ओला चिखल पुरतो. लालसरीसारखी बुडी मारणारी बदके खोल पाण्यात रमतात. बंधाऱ्याची पातळी हातभर हलली, तरी एका जातीची पंगत उठते आणि दुसरीची बसते. त्याच मनोऱ्यावर दोन आठवड्यांनी गेलेल्या माणसाला वेगळीच वस्ती दिसते, ती यामुळे.

थापट्यांचा थवा चरताना बघण्यासाठी तर मुद्दाम वेळ काढावा. फावड्यासारखी रुंद चोच पाण्यावर सपाट टेकवून पंचवीस-तीस पक्षी एकामागून एक गोल फिरू लागतात. पुढच्याचे पाय तळाचे पाणी ढवळतात, वर आलेले बारीक जीव मागचा गाळून घेतो. चोचीच्या कडांना कंगव्यासारख्या बारीक दातऱ्या असतात, त्यांतून पाणी बाहेर पडते आणि खाद्य आत राहते. तिकडे पाणकणसाच्या कडेला जांभळी पाणकोंबडी एखादे देठ उपटते, पायाच्या लांब बोटांत धरते आणि हातात ऊस धरावा तसे सोलून खाते. मध्येच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खालून उडत आला की पाण्यावर विखुरलेले शेकडो वारकरी पक्षी क्षणात एकमेकांना खेटून काळा पुंजका करतात. गर्दीतला एकटा पक्षी हेरणे मग भोवत्याला कठीण होते. दुर्बीण नसली तरी हा प्रसंग कळतो.

१९८६ मध्ये शासनाने इथे सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर केले. पाण्याबरोबर काठच्या गावांची शेतीही त्यात आली. पुढे सुमारे १,४३७ हेक्टरचा पाणथळ भाग आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या दहा भारतीय स्थळांत हे एक होते, आणि असा मान मिळालेले महाराष्ट्रातले ते पहिले ठिकाण. रामसरच्या नोंदीत वनस्पती आणि प्राणी मिळून ५३६ जाती आहेत. देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक दुर्मीळ छोटा मासा त्यात आहे, गिधाडे आहेत, चंदनाचे झाड आहे आणि बिबट्याही आहे.

लोक याला कौतुकाने महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. ही तुलना मी गंभीरपणे घेतो, कारण भरतपूरचे केवलादेवही माणसाने बांध घालून तयार केलेले तळे आहे आणि तेही बाहेरून येणाऱ्या पाण्यावर जगते. गंभीर नदीवर पांचना धरण झाल्यावर शेती की पक्षी असा वाद पेटला. २००४ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या विरोधामुळे उद्यानाचे पाणी अडले, तळी कोरडी पडली आणि करकोचे-बगळ्यांची वीण बुडाली. पुढे गोवर्धन नाला आणि चंबळच्या जलवाहिनीतून पाणी आणावे लागले. जागतिक वारसा हा दर्जा त्याआधीच, १९८५ पासून, होता. त्या दर्जामुळे पाणी आले नाही.

नांदूर मध्यमेश्वरची स्थिती त्याहून नाजूक म्हणावी लागेल, कारण इथे पाण्याचे दावेदार जास्त आहेत. वर नाशिक शहर आणि गंगापूर, दारणा ही धरणे, बाजूला कालव्यांवरची शेती, खाली जायकवाडी आणि अख्खा मराठवाडा. समन्यायी पाणीवाटपाच्या नियमाप्रमाणे जायकवाडीत पुरेसा साठा नसेल, तर पावसाळ्यानंतर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी ते नोव्हेंबरात सुटले. गंगापूर-दारणेचे पाणी याच बंधाऱ्यावरून खाली जाते. नोव्हेंबर म्हणजे मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेले थवे नुकते टेकण्याचे दिवस. मराठवाड्याची तहान खरी आहे, कोपरगावच्या उसाचीही गरज खरी आहे, त्यावर वाद नाही. माझी तक्रार एवढीच, की या भांडणात हजार-दोन हजार मैल उडून आलेल्यांसाठी एखादी ओळही लिहिली जात नाही. त्यांना जास्तीचे पाणी नकोच आहे. हवी आहे ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी टिकणारी उथळ पातळी.

दुसरे संकट वरून वाहत येते. शहराचे सांडपाणी नदीत उतरते, त्यावर पानवेली पोसतात आणि पुराबरोबर त्यांचे गालिचे खाली सरकतात. सायखेड्याच्या पुलाला ते अडकले की फुगवटा चढतो. ऑगस्ट २०१९ च्या पुराने चांदोरी-सायखेड्याला घातलेला वेढा तिथली माणसे विसरलेली नाहीत. बंधाऱ्यात पोचलेली पानवेल पाणी झाकते, खालची पाणवनस्पती उजेडावाचून मरते आणि बदकांचे खाद्य संपते. ती काढण्याचा खर्च खालच्यांनी करायचा आणि खत वरच्यांनी घालायचे, हा व्यवहार मला अन्यायाचा वाटतो.

काठच्या गावांनी या अभयारण्याची किंमत मोजली आहे. जाळे टाकायला बंदी आली, उसात बिबट्या मुक्कामाला आला, पहाटे पाणी धरायला जाणे जिवावरचे झाले. आता चापडगाव, खाणगाव थडी, मांजरगाव इथली तरुण मुले वाटाडे म्हणून उभी असतात, हा या गोष्टीतला आशेचा भाग. त्यातली काही नुसत्या उडण्याच्या ढबीवरून पक्षी ओळखतात, आणि कोणत्या बेटाकडे आज पाणी उतरले आहे हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. वाटाड्या घ्यावाच. पहाटे पोचावे, मळकट रंगाचे कपडे घालावेत, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत. फोटोसाठी थवा उठवणाऱ्याला तिथल्या तिथे टोकावे, कारण उडवलेले प्रत्येक बदक परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्च करते.

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. इथल्या गणनेच्या तक्त्यात पक्ष्यांच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची बंधाऱ्याची पातळी आणि चालू आवर्तनही लिहावे. पातळी पाटबंधारे खाते रोज मोजतेच. वन्यजीव विभागाने ती मागून घ्यावी आणि आवर्तने ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या ऑक्टोबरातल्या बैठकीत तो तक्ता घेऊन बसावे.