कार्यालयातील प्रिंटर : निवड आणि निगा

जून महिन्याचे दिवस असतात. शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीपाशी दाखला घेण्यासाठी पालकांची रांग लागलेली असते. लिपिकाने संगणकावर नोंद शोधून काढलेली असते, मुख्याध्यापक सहीसाठी थांबलेले असतात. पण प्रिंटरमधून बाहेर येणारा कागद फिकट असतो आणि त्यातील काही ओळी तर उमटलेल्याच नसतात. रांगेतील एखाद्या मुलीची प्रवेशाची मुदत त्याच दिवशी संपणार असते. संगणकातील माहिती बिनचूक असूनही त्या क्षणी तिचा काहीच उपयोग नसतो. आजही कार्यालयाचे पुष्कळसे काम लोकांच्या हाती पडते ते कागदाच्या रूपानेच. तो कागद देणारे यंत्र घेताना मात्र बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो : सर्वांत स्वस्त कोणते?

हा प्रश्न अपुरा आहे. प्रिंटर घेण्यापूर्वी त्यावर काय छापायचे, महिन्याला किती पाने छापायची आणि ती पाने किती वर्षे टिकायला हवीत, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी निरनिराळे प्रिंटर कागदावर अक्षर कसे उमटवतात हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये सुईसारख्या बारीक पिना शाईच्या फितीवर आपटतात आणि ठिपक्याठिपक्यांनी अक्षर तयार होते. या पिना बहुधा ९ किंवा २४ असतात. यंत्राचा करकर आवाज होतो, वेगही बेताचा असतो. तरीही ते मोडीत निघालेले नाही. पिना कागदावर आघात करीत असल्यामुळे कार्बन लावलेल्या दोन-तीन प्रती एकाच वेळी निघतात. मालवाहतुकीच्या पावत्या किंवा बिलांच्या प्रती काढण्यासाठी ही सोय मोलाची ठरते. याच पद्धतीचे खास प्रिंटर बँकांमध्ये पासबुकातील नोंदी छापण्यासाठी वापरले जातात.

इंकजेट प्रिंटर शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर टाकतो. रंगीत चित्रे त्यावर चांगली येतात आणि यंत्राची किंमतही कमी असते. मात्र तो बरेच दिवस वापरला नाही, तर शाई वाळून थेंब सोडणारी छिद्रे बुजतात. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेतील प्रिंटर कोरे पान बाहेर टाकतो, त्याचे कारण अनेकदा हेच असते. आठवड्यातून एखादे रंगीत पान छापत राहिल्यास हा त्रास बराच टळतो. दुसरी गोष्ट म्हणजे, अशा अनेक प्रिंटरांमध्ये पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई असते. पावसात भिजलेल्या कागदावर ती पसरते. अलीकडे मोठ्या टाकीचे इंकजेट प्रिंटर मिळतात. त्यांत बाटलीने शाई भरता येते, त्यामुळे छपाईचा खर्च पुष्कळ कमी होतो.

लेझर प्रिंटरची रीत निराळी आहे. अमेरिकेतील चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये विद्युतभार आणि कोरडी भुकटी यांच्या साहाय्याने प्रतिमा उमटवून दाखवली. पुढे झेरॉक्स कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांनी त्या तंत्राला लेझर किरणांची जोड दिली. लेझरच्या प्रकाशाने ड्रमवर अक्षरांची अदृश्य प्रतिमा तयार होते. टोनर नावाची भुकटी तिला चिकटते, तेथून कागदावर येते आणि तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की बसते. प्रिंटरमधून निघालेला कागद हाताला ऊबदार लागतो तो यामुळेच. टोनर मुळातच कोरडा असल्यामुळे महिनाभर यंत्र बंद राहिले तरी वाळण्याचा प्रश्न येत नाही, आणि छापलेले अक्षर पाण्याने पसरत नाही. वर्षानुवर्षे जपायच्या दाखल्यांसाठी व करारपत्रांसाठी म्हणूनच हा प्रिंटर अधिक भरवशाचा होय. याउलट उष्णतेने काळ्या पडणाऱ्या गुळगुळीत कागदावरील पावत्या काही काळाने पुसट होतात. त्यांची छायाप्रत वेळीच काढून ठेवावी.

आता पैशांचा हिशोब. समजा, एका प्रिंटरची किंमत ६,००० रुपये आहे. त्याचे शाईचे काडतूस १,२०० रुपयांना मिळते आणि त्यात ३०० पाने छापून होतात. म्हणजे एका पानाला ४ रुपये पडले. दुसऱ्या प्रिंटरची किंमत १५,००० रुपये. पण त्याचे १,५०० रुपयांचे काडतूस १,५०० पाने छापते, म्हणजे पानाला १ रुपया. कार्यालयात महिन्याला ५०० पाने छापली जात असतील, तर पहिल्यावर दरमहा २,००० आणि दुसऱ्यावर ५०० रुपये खर्च होतील. किमतीतील ९,००० रुपयांचा फरक सहा महिन्यांत भरून निघेल आणि तीन वर्षांत महाग प्रिंटरच ४५,००० रुपयांनी स्वस्त पडेल. मात्र महिन्याला ३० पानेच छापायची असतील, तर तोच फरक भरून निघायला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल! तेथे स्वस्त प्रिंटर घेणे शहाणपणाचे. काडतुसाच्या वेष्टनावर पानांची संख्या दिलेली असते. ती ठरावीक नमुना-पानांवरून काढलेली असल्याने दाट मजकूर किंवा छायाचित्रे छापल्यास ती कमी भरते.

भारतीय भाषांतील कामासाठी आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. अनेक कार्यालयांतील जुना मजकूर युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये आहे. तो फाँट ज्या संगणकावर नाही, तेथून छपाई केल्यास मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. दोष प्रिंटरला दिला जातो, पण त्याचा यात काही अपराध नसतो. आपल्याच संगणकावर, फाँट समाविष्ट करून, मजकुराची पीडीएफ तयार करावी आणि ती छपाईला पाठवावी.

प्रिंटर आला की त्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवलेली बरी. ‘सर्वांचा’ प्रिंटर म्हणजे कोणाचाच नाही, असा अनुभव आहे. त्या व्यक्तीने महिन्याच्या अखेरीस प्रिंटरमधील पानांचा आकडा वहीत टिपावा, एक काडतूस नेहमी शिल्लक ठेवावे आणि कागदाकडे लक्ष द्यावे. ए-४ कागदाच्या एका रिमात ५०० ताव असतात. उघडे राहिलेले रीम पावसाळ्यात दमट हवा शोषून घेते, ताव वाकतात आणि यंत्रात अडकतात. अडकलेला ताव हिसका देऊन ओढू नये. यंत्र बंद करून, झाकण उघडून, दोन्ही हातांनी तो सावकाश काढावा, शक्यतो कागद पुढे सरकतो त्याच दिशेने. लेझर प्रिंटरमधील रूळ त्या वेळी तापलेला असतो. तो निवू द्यावा. टोनर सांडला तर गार पाण्याचे फडके वापरावे. गरम पाण्याने तो चिकटून बसण्याचा संभव असतो. लेझर प्रिंटर लहान यूपीएसला जोडणेही टाळावे, कारण रूळ तापताना तो एकदम बरीच वीज ओढतो.

एकच प्रिंटर अनेक संगणकांना जोडलेला असेल, तर छपाईचे आदेश रांगेत उभे राहतात. पान लगेच आले नाही म्हणून अधीर माणूस पुन्हा पुन्हा आदेश देतो आणि थोड्या वेळाने त्याच पत्राच्या पाच प्रती बाहेर येतात. रांग आधी पाहावी, मगच दुसरा आदेश द्यावा. वेतनपत्रक किंवा वैद्यकीय कागद छापताना आदेश देणाऱ्याने यंत्रापाशी थांबावे. प्रिंटरच्या तबकात विसरलेला कागद कोणीही वाचू शकतो. काही प्रिंटरांत सांकेतिक क्रमांक दाबल्यावरच पान बाहेर येण्याची सोय असते.

काडतुसात पुन्हा टोनर भरून घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. रोजच्या मसुद्यांसाठी ती परवडते. दाखल्यांसाठी मात्र कंपनीचे नवे काडतूस वापरणे योग्य. निकामी झालेली काडतुसे आणि प्रिंटर यांची गणना भारतात ई-कचऱ्यात होते. त्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. म्हणून या वस्तू भंगारात न विकता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्याव्यात. मोठ्या बहुउपयोगी यंत्रांत कधी कधी हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या कागदांची प्रतिमा तिच्यात राहू शकते. यंत्र बाहेर जाण्यापूर्वी तंत्रज्ञाकडून ती पुसून घ्यावी.