मोटारीचा आंस : निवड आणि बळकटी

श्रोतेहो, बैलगाडीचें जूं वाटेंत मोडलें तर गाडीवान दोरीनें बांधून कसेंबसें घर गांठतो. परंतु आंस मोडला कीं गाडी जागच्या जागीं बसते. मोटारीचेंही तसेंच आहे. फरक इतकाच कीं, मोटारीच्या आंसाला भार तर वाहावा लागतोच, शिवाय चाकही फिरवावें लागतें. सडक सोडून डोंगर, चिखल व नदीपात्रें तुडविणारी गाडी स्वतः सिद्ध करण्याचा छंद हल्लीं पुष्कळ तरुणांस आहे. मोठाले टायर डोळ्यांत भरतात. पण त्यांमुळें आंसावर काय गुदरतें याचा विचार थोडेच करतात. आज तो हिशेब मांडून पाहूं.

उदाहरणादाखल दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीप घेऊं. १९४७ पासून तिच्या नागरी वंशजांची जुळणी मुंबईंत महिंद्र यांनीं सुरू केली, म्हणून ती आपणांस परकी नाहीं. तिच्या एंजिनाचा पीळ, ज्याला यंत्रज्ञ टॉर्क म्हणतात, सुमारें १०५ पौंड-फूट. पहिल्या गिअरमध्यें तो सुमारें २.६६ पट, ट्रान्स्फर केसच्या लो गिअरमध्यें १.९७ पट आणि आंसामधील क्राऊन-पिनियनमध्यें ४.८८ पट वाढतो. तिन्हींचा गुणाकार सुमारें २५.६ होतो. म्हणजे घर्षणांतील घट सोडली तर दोन्ही आंसांवर मिळून जवळजवळ २,७०० पौंड-फूट पीळ येऊं शकतो.

पण चाक घसरलें कीं यांतला पुष्कळसा जोर वायां जातो. म्हणून आंसाला प्रत्यक्षांत किती सोसावें लागेल, हें त्यावरील भार, जमिनीची पकड व चाकाची त्रिज्या यांवर ठरतें. २८ इंचांच्या जागीं ३५ इंचांचा टायर घातला, तर त्रिज्या चौदावरून साडेसतरा इंच होते. भार व पकड तीच असली तरी घसरण्यापूर्वीं आंसाला सव्वापट पीळ सोसावा लागतो. शिवाय पूर्वींची ओढ राखावयाची तर ४.८८ चें प्रमाण ६.१ पर्यंत न्यावें लागतें. क्राऊन-व्हील तेंच ठेवून प्रमाण वाढविलें कीं पिनियन लहान होतो. म्हणजे जेथें बळ अधिक हवें तेथेंच धातु कमी! म्हणून मोठ्या टायरबरोबर मोठ्या क्राऊन-व्हीलचा आंस घेणें शहाणपणाचें.

शाफ्टच्या जाडीचा नियम तर फारच बोधप्रद आहे. गोल दांड्याची पीळ सोसण्याची शक्ति व्यासाच्या घनाप्रमाणें वाढते. डेना ४४ या प्रसिद्ध आंसाचें क्राऊन-व्हील साडेआठ इंचांचें व ३० दांत्यांचा शाफ्ट १.३१ इंच जाडीचा. डेना ६० चें क्राऊन-व्हील पावणेदहा इंचांचें व ३५ दांत्यांचा शाफ्ट दीड इंचाचा. शाफ्टच्या जाडींतील फरक अवघा दीड सुताचा. परंतु पोलाद एकच धरलें तर शक्ति दीडपट. जाडी वाढविण्यास जागा नसेल तर क्रोम-मॉलिब्डेनम मिश्र पोलादाचा शाफ्ट घालतात.

येथें लॉकरविषयीं सावधगिरी हवी. साध्या डिफरन्शियलमध्यें दोन्ही चाकांना सारखाच पीळ मिळतो. एक चाक अधांतरीं राहिलें कीं दुसरेंही दुबळें होतें. लॉकर ही अडचण दूर करतो, पण मग जमिनीवरील एकट्या चाकाच्या शाफ्टवर आंसाचा सगळा पीळ येऊं शकतो. शाफ्ट बळकट केल्यावांचून लॉकर बसविणें म्हणजे संकटास आमंत्रण होय.

आतां जिवाच्या प्रश्नाकडे येऊं. 'सेमी-फ्लोटिंग' आंसांत शाफ्टच गाडीचा भार वाहतो व चाकही धरून ठेवतो. तो बाहेरच्या बाजूस मोडला तर चाक निखळून जाऊं शकतें. 'फुल-फ्लोटिंग' आंसांत हब हाउसिंगच्या टोकावर बेअरिंगांनीं बसविलेला असतो. शाफ्ट केवळ फिरवितो. तो मोडला तरी चाक जागेवर राहतें. युद्धकाळांतील त्या लहानशा जीपचा मागील आंसही फुल-फ्लोटिंगच होता. घाटाच्या कडेला या फरकाची किंमत निराळी सांगावयास नको.

हाउसिंग वांकूं नये म्हणून त्यावर पोलादी कैंची वेल्ड करतात. परंतु एकाच जागीं सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेनें नळी वांकते व बेअरिंगें एका रेषेंत राहत नाहींत. थोडें थोडें, जागा बदलीत वेल्ड करावें, मध्यें निवूं द्यावें व शेवटीं सरळपणा मोजावा. बिडाचा भाग असेल तर आधीं तापविणें व योग्य निकेल-कांडी वापरणें अवश्य आहे.

एक भाग बळकट केला कीं ताण पुढच्या दुबळ्या भागाकडे सरकतो. म्हणून जो मोडेल तो भाग स्वस्त, सहज बदलतां येणारा आणि चाक न सोडणारा असावा, हें आधींच ठरवावें. ब्रेकही नव्या टायरांच्या मानाचे हवेत. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणींतील वर्णनाशीं विसंगत फेरफार करण्यास बंधन आहे. तेव्हां पैसा खर्चण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी.

श्रोतेहो, आपल्या घरांतील एखादा तरुण असा घाट घालीत असेल, तर त्याला टायर केवढे घेणार हें मागाहून विचारा. आंस कोणता घेणार हें आधीं विचारा. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.