टाकळा समजून कासविंदा खुडू नका!

पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की माळरानांवर आणि रस्त्यांच्या कडेला टाकळ्याची कोवळी रोपे उगवतात. त्यांची भाजी महाराष्ट्रात आवडीने खाल्ली जाते. मात्र, त्याच जागी वाढणारी आणि तशीच पिवळी फुले येणारी कासविंदा ही वनस्पती विषारी आहे. दोन्ही शेंगावर्गीय असून, कासविंदाला काही भागांत रानटाकळा म्हणत असल्याने गोंधळात भरच पडते.

कासविंदा (सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस) मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. आता ती भारतात सर्वत्र पडीक जमिनींवर फोफावली आहे. तिला ओळखण्याची पहिली खूण म्हणजे पान. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात आणि पर्णिकांची टोके गोलसर असतात. कासविंदाला बहुधा तीन ते पाच जोड्या असून, पर्णिका टोकाकडे निमुळत्या होतात. दुसरी खूण देठावरील बारीक ग्रंथीची. टाकळ्यात ती खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये दिसते, तर कासविंदात देठाच्या बुडाशी, खोडालगत असते. पुढे शेंगा धरल्यावर शंका उरत नाही. टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली. कासविंदाची चपटी, किंचित वर वळलेली आणि फिकट कडांची असते.

या ओळखीचे महत्त्व उत्तर प्रदेशातील अनुभवातून कळते. राज्याच्या पश्चिम भागात पावसाळा सरताना लहान मुलांना अचानक उलट्या होत, शुद्ध हरपत असे आणि अनेक मुले दगावत. प्रारंभी हा विषाणूजन्य मेंदूज्वर मानला गेला. मात्र, खेळता खेळता खाल्लेल्या कासविंदाच्या बियांशी या आजाराचा संबंध असल्याचे बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हे विष यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर आघात करते. त्यावर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही.

त्यामुळे खात्री पटल्याशिवाय भाजी खुडू नये. घर, अंगणवाडी व शाळेच्या परिसरातील कासविंदा शेंगा धरण्यापूर्वीच मुळासकट उपटावा. मुलाने बिया खाल्ल्याचा संशय आल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि शेंगेचा नमुना डॉक्टरांना दाखवावा.