पॅकेट गेले कुठे? क्लाउडमधल्या वाटा आणि त्यांचे बिघाड

क्लाउड म्हटले की पुष्कळांना माहिती आकाशात कुठेतरी तरंगते आहे असे वाटते. प्रत्यक्षात क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले, भाड्याने घेतलेले संगणक. या इमारती आपल्या देशातही आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आणि २०२१ मध्ये आपल्या दिल्ली परिसरात ती सुरू केली. सरकारचे स्वतःचे ‘मेघराज’ क्लाउड २०१४ पासून आहे.

एकाच इमारतीत, कधी कधी एकाच यंत्रावर, अनेक गिऱ्हाइकांचे काम चालते. एकाचा निरोप दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून प्रत्येकाला वेगळे ‘व्हर्च्युअल नेटवर्क’ मिळते. त्यासाठी कुणी नवी वायर ओढत नाही. कुठले पॅकेट कुठे जायचे हे सॉफ्टवेअर ठरवते. त्यामुळे बिघाड झाला तर केबल हलवून बघण्याची सोय नाही. जे काही शोधायचे ते तक्त्यांत शोधायचे.

त्यातला मुख्य तक्ता म्हणजे रूट टेबल. त्याच्या प्रत्येक ओळीत दोन गोष्टी असतात : कुठल्या पत्त्यांसाठी, आणि पुढचा टप्पा कोणता. पत्ते १०.१.०.०/१६ असे लिहितात. इथे /१६ चा अर्थ पत्त्याचे पहिले १६ बिट पक्के आणि बाकीचे मोकळे, म्हणजे एकूण ६५,५३६ पत्ते. /२४ लिहिले तर फक्त २५६. तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान.

हे समजायला पिनकोड उत्तम. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने तयार केली, हे आपल्या मराठी पानावर सांगितलेच पाहिजे. पिनकोडचा पहिला आकडा विभाग सांगतो, पुढचे आकडे प्रदेश आणखी लहान करत नेतात. ९ ने सुरू होणारा पिन सैनिकी टपालाचा, हे फौजी घरातल्या मुलांना सांगायला नको. टपाल निवडणाऱ्यापुढे एक पेटी ‘४ ने सुरू होणारे सगळे’ आणि दुसरी ‘४११ ने सुरू होणारे’ अशी असेल, तर पुण्याचे पत्र दुसऱ्या पेटीत जाईल. रूट टेबल नेमके हेच करते. पत्त्याशी दोन-तीन ओळी जुळत असतील तर ज्या ओळीत जास्त बिट जुळतात ती जिंकते. ओळ तक्त्यात वर आहे की खाली, याने फरक पडत नाही. कशाशीच जुळले नाही तर ०.०.०.०/० ही ‘बाकीचे सगळे’ ओळ, आणि तीही नसेल तर पॅकेट तिथेच संपते.

हा नियम साधा आहे, पण त्याने जग हलवले आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या देशात यूट्यूब बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ ही वाट जाहीर केली. यूट्यूबची स्वतःची वाट २०८.६५.१५२.०/२२ अशी, म्हणजे कमी नेमकी होती. पाकिस्तानची जाहिरात हाँगकाँगच्या एका मोठ्या कंपनीमार्फत बाहेर पसरली आणि जगभरचे राउटर यूट्यूबची पॅकेट पाकिस्तानकडे पाठवू लागले. यूट्यूबने आधी स्वतः /२४ जाहीर केले आणि मग आणखी नेमके, दोन /२५. सुमारे सव्वादोन तास हा गोंधळ चालला. घटना इंटरनेटच्या मोठ्या रस्त्यावरची आहे, पण क्लाउडच्या छोट्या तक्त्यातही तोच नियम तसाच फसवतो.

आता आपल्या जवळचे उदाहरण. मागच्या सत्रात आमच्या शाळेचे पालकांसाठीचे पोर्टल दोन संध्याकाळ अर्धवट चालत होते. लॉगिनचे पान उघडे, सूचना दिसत, पण हिवाळी सुटीचा अर्ज भरून ‘सबमिट’ दाबले की चक्र फिरत राही आणि शेवटी ‘टाइम आउट’. अर्ज मंजूर झाल्याशिवाय सुटीची तारीख पक्की नाही, आणि तारखेशिवाय रेल्वेचे आरक्षण नाही. कुणाचे आई-बाबा लेहला, कुणाचे बेळगावला. ते रोज रात्री फोनवर हेच विचारत. देखभाल करणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर ऑनलाइन तपासणी करत होता, तेव्हा कॉम्प्युटरच्या सरांनी आम्हा तिघा कॅडेटना शेजारी बसून बघण्याची परवानगी दिली.

पहिली गोष्ट आम्ही तिथे शिकलो ती म्हणजे चुकीचा संदेश नीट वाचायचा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर बहुतेक वेळा पॅकेट मुक्कामी पोचले आहे, पण दार उघडायला तिथे कुणी नाही. वाट ठीक असते. ‘टाइम आउट’ म्हणजे उत्तरच आले नाही : पॅकेट जाताना हरवले, किंवा फायरवॉलने गुपचूप टाकून दिले, किंवा परत येताना हरवले. तिसरी शक्यता बहुतेक लोक विसरतात.

पोर्टलचे तसेच झाले होते. वेबची पाने १०.१.०.० च्या नेटवर्कमध्ये होती आणि डेटाबेस नुकताच १०.२.०.० च्या दुसऱ्या नेटवर्कमध्ये हलवला होता. दोन्हींना जोडणारे पिअरिंग होते. पहिल्या तक्त्यात १०.२.०.०/१६ ची ओळही होती. इंजिनिअरने डेटाबेसच्या मशीनवर टीसीपीडंप चालवले, तर विचारणा येताना दिसत होती आणि उत्तर निघतानाही दिसत होते. पण डेटाबेसच्या सबनेटच्या तक्त्यात १०.१.०.०/१६ ही ओळ नव्हती. मग उत्तर ‘बाकीचे सगळे’ या ओळीने इंटरनेटकडच्या गेटवेला जाऊन तिथेच मरत होते. ती एक ओळ घातली आणि मिनिटभरात अर्ज जाऊ लागले. काही कंपन्यांच्या क्लाउडमध्ये पिअरिंग जोडले की दोन्हीकडच्या वाटा आपोआप येतात, काहींत दोन्ही बाजूंना हाताने घालाव्या लागतात. कुठल्या क्लाउडवर काम करतो आहोत हे म्हणूनच आधी विचारावे.

इथून ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या पानिपतची आठवण मला यावरून होते. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा जिंकले, म्हणजे पुढे जाण्याची वाट उत्तम होती. पण महिनाअखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. परतीची आणि रसदीची वाट बंद झाली. तुलना थोडी ओढूनताणून आहे, मान्य, पण तक्ता तपासताना ‘परत कसे येणार?’ हा प्रश्न मला तिच्यामुळेच सुचतो.

त्या दोन दिवसांत कंपनीतल्या कुणीतरी सुचवले होते की ‘तोपर्यंत फायरवॉल सगळ्यांना उघडी करून बघू’. सरांनी साफ नकार दिला, आणि ते बरोबर होते असे माझे मत आहे. वाट चुकली असेल तर दार उघडून उपयोग होत नाही. उलट आमच्या घरचे पत्ते, फोन नंबर आणि वडिलांच्या पोस्टिंगची ठिकाणे असलेला डेटाबेस जगापुढे उघडा पडण्याचा धोका तयार होतो. घाईत उघडलेले दार पुन्हा लावायचे राहून जाते, ते वेगळेच.

त्यानंतर सर आमच्या क्लबसाठी मुद्दाम बिघाड करून ठेवतात आणि आम्ही शोधतो. एका आठवड्यात त्यांनी तीन नेटवर्क साखळीने जोडली : ‘अ’ला ‘ब’ आणि ‘ब’ला ‘क’. ‘अ’मधून ‘क’पर्यंत काही केल्या पोचेना. कारण पिअरिंग मित्राच्या मित्राला ओळखत नाही, ‘अ’ आणि ‘क’ सरळ जोडावे लागतात किंवा मध्ये राउटरसारखे काम करणारे काही बसवावे लागते. मध्ये साधे मशीन बसवले तर त्याला दुसऱ्याची पॅकेट पुढे पाठवण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते, नाहीतर तक्ता अचूक असूनही पॅकेट तिथेच थांबते. दुसऱ्या वेळी दोन नेटवर्क जोडलीच जाईनात. ॲमेझॉनच्या प्रत्येक केंद्रातल्या तयार नेटवर्कचा पत्ता १७२.३१.०.०/१६ हाच असतो, म्हणून मुंबईचे तयार नेटवर्क हैदराबादच्या तयार नेटवर्कला जोडता येत नाही. दोन गावांना एकच पिनकोड दिल्यासारखे ते आहे. पत्ते सुरुवातीलाच वेगळे ठरवावेत, नंतर बदलणे म्हणजे घर पाडून बांधणे.

तपासणीचे जुने साधन पिंग. माइक म्युस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत लिहिले आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिले. ट्रेसरूट वाटेतले टप्पे दाखवते. पण क्लाउडमध्ये दोन्हींवर पूर्ण भरवसा नको. पिंग अनेकदा फायरवॉलमध्येच बंद असते आणि आतले काही गेटवे ट्रेसरूटला दिसतच नाहीत. त्यापेक्षा त्या क्लाउडचे स्वतःचे साधन वापरावे : ॲमेझॉनचे रीचेबिलिटी ॲनालायझर, मायक्रोसॉफ्टच्या नेटवर्क वॉचरमधले ‘नेक्स्ट हॉप’, गुगलचे कनेक्टिव्हिटी टेस्ट. ती तक्ते वाचून पॅकेट कुठे अडेल ते सांगतात. आणि सबनेटला खरोखर कोणता तक्ता जोडलेला आहे हे आधी बघावे. आम्ही एकदा अर्धा तास ज्या तक्त्यावर डोके खाजवले, तो कुठल्याच सबनेटला जोडलेला नव्हता, आणि सर मागे उभे राहून हसत होते.

पिंग चालत असेल तर वेळेचा आकडा मात्र जरूर बघा. काचतंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. दिल्ली ते मुंबई सरळ अंतर सुमारे १,१५० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ११-१२ मिलिसेकंद. तारा वळणे घेत जातात, म्हणून ३० किंवा ४० दिसले तरी चालेल. पण सतत २०० च्या वर दिसू लागले, तर पॅकेट बहुधा परदेशवारी करून मुंबईला पोचते आहे. देशातली पॅकेट देशातच राहावीत म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली. तिचे एक केंद्र इथेच, नोएडात आहे.