वेरूळचा सारीपाट आणि मोबाइलवरील खेळ

मोबाइलवरील खेळांनी तरुण पिढी वाया गेली, असा निवाडा छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यापासून सिडकोपर्यंत इतक्या सहजतेने दिला जातो, की तो देणाऱ्यांनी सुमारे ३० किलोमीटरवरील वेरूळला जाऊन (मंगळवार वगळून, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात) एकविसावे, म्हणजे रामेश्वर लेणे एकवार निवांतपणे पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या लेण्यात साक्षात शिवपार्वती सारीपाटात रमलेली आहेत. आणि हाच प्रसंग वेरूळच्याच ‘रावण की खाई’ व ‘धुमार लेणे’ येथेही आढळतो. देवदंपतीचा खेळ ज्यांनी कठीण पाषाणात पुनःपुन्हा कोरला, त्यांस क्रीडा हा गृहस्थजीवनाचा स्वाभाविक अंश वाटत असला पाहिजे. तथापि पुराणांतरी याच द्यूतात शंकर आपली चीजवस्तू हरतो. खेळाला पैज चिकटली की काय होते, ही जाणीवही तितकीच पुरातन आहे.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने निखळ खेळ आणि पैजेचा खेळ यांतला नेमका हाच भेद केला आहे: पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सक्त मनाई, ते चालविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि ई-स्पोर्ट्सला मात्र रीतसर मान्यता. मला ही तजवीज रास्त वाटते, कारण पत्त्यांच्या ॲपवर पगार उधळणारा इसम आणि मित्रांसमवेत बीजीएमआयसारखा मोबाइल खेळ खेळणारा विद्यार्थी यांना एकाच पंक्तीस बसविणे हा त्या विद्यार्थ्यावर उघड अन्याय आहे.