पाणी टाकले की भडकणारी आग

शाळेच्या प्रयोगशाळेतली रॉकेलची ती बाटली आठवते? तळाशी साबणाच्या जुन्या वडीसारखा एक मळकट तुकडा पडलेला असायचा. सर चिमट्याने तो बाहेर काढत, सुरीने वाटाण्याएवढा कापत आणि पाण्याच्या परातीत टाकत. तुकडा चुरचुरत पाण्यावर सैरावैरा पळायचा, मध्येच पिवळा जाळ व्हायचा आणि सगळा वर्ग टाळ्या पिटायचा. तेच हे सोडियम.

आता वाटाण्याएवढ्या तुकड्याऐवजी सुमारे १,१०० टन सोडियम डोळ्यांसमोर आणा. तेही घट्ट नव्हे, तर वितळून पाण्यासारखे पातळ झालेले आणि ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापलेले! तमिळनाडूत कल्पक्कमच्या समुद्रकिनारी उभारलेल्या ५०० मेगावॉटच्या 'प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर रिअॅक्टर'च्या मुख्य टाकीत एवढे सोडियम मावते. ते गळले तर? त्याला हवा लागली तर? एवढ्या तापलेल्या सोडियमला पेटायला काडीसुद्धा लागत नाही. बरे, बंब बोलावून पाणी मारावे, तर पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि आगीत तेल ओतल्यासारखे होते.

खरी अणुभट्टी पेटवून काय होते ते पाहण्याची सोय नाही. म्हणून ही आग आधी संगणकात लावून पाहावी लागते. हे काम कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात अनेक वर्षे चालले आहे. या केंद्राची धुरा लागोपाठ ज्या दोघांनी सांभाळली, त्यांतला एक आपल्या कोल्हापूरकडचा, तर दुसरा रायपूरला शिकलेला.

रायपूरच्या जी. ई. रोडवर आज एनआयटी, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. ती १९५६ साली सुरू झाली ती खाणकाम आणि धातुशास्त्राचे सरकारी महाविद्यालय म्हणून. छत्तीसगडच्या मातीत लोखंड, शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना. तेव्हा रायपुरात हेच विषय शिकवले जाणार! इथल्या रविशंकर विद्यापीठाची धातुशास्त्राची पदवी घेऊन १९६९ साली बाहेर पडलेले बलदेव राज मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्रात गेले आणि तिथून कल्पक्कमला. धातू न कापता, न तोडता त्याच्या पोटातला दोष हुडकणे, हा त्यांचा हातखंडा विषय. डॉक्टर सोनोग्राफीत ध्वनिलहरी सोडून पोटातले पाहतात, तसेच हे लोक पोलादाच्या जोडात लपलेली केसाएवढी चीर पाहतात. सोडियमच्या कामात या चिरेला फार महत्त्व आहे, कारण जोडातल्या चिरेतूनच गळतीला वाट मिळते.

दुसरे शिवराम भोजे. कागल तालुक्यातल्या कसबा सांगावचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६५ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाले, पुढे फ्रान्समधल्या कादाराश इथे जाऊन फास्ट ब्रीडर अणुभट्टीची रचना शिकून आले. कल्पक्कमची छोटी चाचणी अणुभट्टी १८ ऑक्टोबर १९८५ रोजी प्रथम सुरू झाली, त्यामागे ज्यांची वर्षानुवर्षांची मेहनत होती त्यांत ते एक. २००० ते २००४ या काळात ते केंद्राचे संचालक होते, २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते निवृत्त झाल्यावर संचालकाच्या खुर्चीवर बलदेव राज आले.

पण मुळात हे आगलावे सोडियम हवेच कशाला? फास्ट ब्रीडर अणुभट्टी जेवढे इंधन जाळते त्याहून जास्त नवे इंधन तयार करू शकते. त्यासाठी गाभ्यातले न्यूट्रॉन वेगवान राहावे लागतात. पाणी त्यांचा वेग मारते, सोडियम मारत नाही. शिवाय ते उष्णता झटकन वाहून नेते. ९८ अंशांना वितळते आणि उकळते थेट ८८३ अंशांना. त्यामुळे पाण्याच्या अणुभट्टीत लागतो तसला प्रचंड दाब इथे लागत नाही. एवढे गुण असलेल्या पदार्थाचा एक अवगुण सोसायचा, असा हा सौदा आहे. जगात सर्वांना तो परवडला असे मात्र नाही.

सोडियमची आग दोन प्रकारची असते. फरशीवर सांडून थारोळे झाले आणि ते पेटले, तर ज्वाळा बुटक्या असतात, अगदी पृष्ठभागाला चिकटून. त्यावर पांढऱ्या धुराचे लोट उठतात. तो धूर म्हणजे सोडियमचे ऑक्साइड, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचा कॉस्टिक सोडा होतो आणि डोळे, घसा, फुप्फुसे भाजून काढतो. ही आग तशी सबुरीने जळते. एक किलो सोडियम जळून जेवढी उष्णता निघते ती पेट्रोलच्या साधारण चौथा हिस्सा.

दुसरी आग फवाऱ्याची. नळीला बारीक भोक पडले, आतून जोर असला आणि सोडियम थेंबाथेंबांनी हवेत उडाले, की ही लागते. न्हाणीघरातल्या बंबात अख्खा ओंडका घाला आणि त्याच ओंडक्याच्या ढलप्या करून घाला. फरक कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. फवाऱ्यातल्या थेंबाचा व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच सोडियमचा हवेला भिडणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. खोलीतली हवा पाहता पाहता तापते, फुगते आणि भिंतींवर दाब टाकते.

संगणक इथे करतो काय? सरळ सांगायचे तर जमाखर्चाची वही लिहितो. खोलीची लांबी-रुंदी-उंची, भिंतींची जाडी, हवेतला प्राणवायू आणि ओलावा, सोडियमचे तापमान आणि गळतीचा वेग एवढे त्याला द्यायचे. मग तो काळाचे बारीक तुकडे पाडतो. या क्षणी किती सोडियम जळले, किती प्राणवायू खर्ची पडला, उष्णता हवेला किती मिळाली, फरशीला किती, भिंतीला किती? बाकी काढून पुढच्या क्षणाकडे जायचे. अमेरिकेत १९७०च्या दशकात लिहिलेली 'सोफायर-२' ही आज्ञावली थारोळ्याच्या आगीचा हिशेब असाच करते. पृष्ठभागापर्यंत प्राणवायू किती झपाट्याने पोचतो, त्यावर आगीचा वेग ठरवायचा, हे तिचे मुख्य सूत्र. फवाऱ्याच्या आगीसाठी कल्पक्कमच्या शास्त्रज्ञांनी 'नॅफकॉन-एसएफ' नावाची स्वतःची आज्ञावली तयार केली. तिला थेंबांचा हिशेब ठेवावा लागतो.

वही कितीही नीट लिहा, पहिली नोंद चुकली की शेवटची बाकी चुकते. हा धडा जगाने दोनदा घेतला.

पहिला स्पेनमध्ये. अल्मेरिया इथे सूर्याच्या उष्णतेवर वीज बनवण्याचा एक प्रायोगिक प्रकल्प होता. अणूचा तिथे संबंधही नव्हता, फक्त उष्णता वाहून न्यायला सोडियम होते. ऑगस्ट १९८६ मध्ये एका व्हॉल्व्हची दुरुस्ती चालू असताना सोडियमचा फवारा उडाला आणि सुमारे १४ टन सोडियम गळून आगीचा डोंब उसळला. फवाऱ्याची आग एवढे रौद्र रूप घेईल, असे तोवर फारसे कोणी धरलेच नव्हते. फ्रान्सच्या 'सुपरफिनिक्स' अणुभट्टीतही त्यानंतर नव्याने बंदोबस्त करावा लागला.

दुसरा धडा जपानचा, आणि तो अधिक बोलका. त्सुरुगा इथल्या 'मोंजू' अणुभट्टीत ८ डिसेंबर १९९५ च्या संध्याकाळी धोक्याची घंटा वाजली. सोडियमच्या नळीत तापमापक बसवण्यासाठी एक बारीक नळकांडे खुपसलेले होते. वाहत्या सोडियमच्या धक्क्यांनी ते थरथरत राहिले आणि तुटले. म्हणजे ज्याने तापमान सांगून सावध करायचे, त्यानेच घात केला! सुमारे ६४० किलो सोडियम बाहेर आले. हे दुसऱ्या फेरीतले सोडियम होते, किरणोत्सारी नव्हे, आणि कोणी दगावलेही नाही. पण हाताने अणुभट्टी बंद करेपर्यंत दीड तास उलटला आणि हवा खेळवणारे पंखे त्यानंतरही चालूच राहिले. आगीला वारा घातल्यासारखेच ते झाले. पुढे अपघाताच्या चित्रफिती काटछाट करून दाखवल्याचे उघड झाले आणि लोकांचा उरलासुरला विश्वासही गेला. मोंजू २०१० मध्ये थोडी चालली, २०१६ मध्ये ती कायमची मोडीत काढायचे ठरले.

आगीच्या जागी फरशीवर पोलादाचा पत्रा अंथरलेला होता. सोडियम खालच्या काँक्रीटला भिडू नये म्हणून तो असतो, कारण काँक्रीटच्या पोटात पाणी असते. मोंजूत पत्रा झिजला, पण फुटला नाही. १९९६ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तशीच गळती मुद्दाम घडवून पाहिली, आणि काय? पत्र्याला चक्क भोके पडली. सोडियम तेच, गळतीही तशीच. पण खोली लहान होती, काँक्रीटमधून सुटलेला ओलावा हवेत जास्त होता. त्या ओलाव्याने रसायनच बदलले आणि पोलाद भलत्याच वेगाने खाल्ले गेले. नुसता उष्णतेचा हिशेब मांडणाऱ्या संगणकाला ही भोके दिसली नसती. म्हणूनच कल्पक्कमलाही 'मिना'सारख्या प्रयोगशाळेत खरे सोडियम पेटवून गणिताचा ताळा पाहतात.

मग कल्पक्कमच्या मोठ्या अणुभट्टीसाठी पहिली नोंद काय धरली? वाईटात वाईट म्हणून जो अपघात रचनाकारांनी कल्पिला, त्यात गाभा वितळतो, १०० मेगाज्यूल एवढी ऊर्जा धक्क्याच्या रूपाने बाहेर पडते आणि वरच्या झाकणाच्या फटींतून सुमारे ३५० किलो सोडियम इमारतीत उडून जळते. त्या आगीने वाढणारा दाब सोसावा म्हणून बाहेरची काँक्रीटची इमारत २५ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पाव हिश्श्याएवढ्या जादा दाबासाठी बांधली.

अश्विन कुमार आणि एम. व्ही. रमणा या अभ्यासकांनी २००८ साली यावरच बोट ठेवले. १०० मेगाज्यूल हा आकडाच कमी धरला आहे, ऊर्जा त्याहून बरीच जास्त असू शकते आणि मग इमारत पुरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. आपला अंदाज पुरेशी सावधगिरी राखून केला आहे, असे अणुऊर्जा खात्याच्या शास्त्रज्ञांचे म्हणणे. दोन्ही बाजूंकडे संगणक आहेत. वाद आहे तो संगणकाच्या तोंडी कोणता आकडा घालायचा याचा, आणि तो आकडा माणूसच ठरवतो. असा वाद उघडपणे झालेला बरा, मोंजूसारखा चित्रफितीतून कापलेला नको.

गळती मुळातच वाढू नये याची तजवीज मात्र साधी आणि हुशारीची आहे. नळ्यांभोवती उष्णतारोधक आवरणाखाली तारा गुंडाळलेल्या असतात. सोडियम विजेचे वाहक. गळालेला थेंब तारेला टेकला की मंडल पूर्ण होते आणि घंटा वाजते. किरणोत्सारी सोडियमच्या टाकीला बाहेरून दुसरी टाकी असते आणि मधल्या जागेत हवेऐवजी नायट्रोजन, म्हणजे जळायला प्राणवायूच नाही. दुसऱ्या फेरीच्या नळ्यांखाली उतरते ट्रे ठेवतात. गळालेले सोडियम त्यातून घरंगळून खालच्या भांड्यात जाते आणि झाकण ठेवलेल्या कढईतल्या जाळासारखे प्राणवायूवाचून विझते. या ट्रेला ना वीज लागते, ना माणूस. उरलेल्या जाळावर पाणी नाही, कोरडी पूड टाकायची.

एवढे करूनही एप्रिल २००२ मध्ये कल्पक्कमच्या छोट्या अणुभट्टीत सुमारे ७५ किलो सोडियम गळाले. सोडियम शुद्ध करण्याच्या कक्षातल्या एका व्हॉल्व्हच्या घडणीतच दोष राहून गेला होता. भोजे तेव्हा संचालक होते. धातूच्या पोटातला असा दोष आधीच हुडकण्यात ज्यांची हयात गेली, ते बलदेव राज अडीच वर्षांनी त्यांच्या जागी आले. मोठ्या अणुभट्टीचे काम तेव्हा नुकतेच सुरू झाले होते, आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचे पाणी तिच्या पायाच्या खड्ड्यात शिरले. तो पाया नव्याने घालावा लागला. २०११ पर्यंत ते संचालक राहिले. ६ जानेवारी २०१८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या अणुभट्टीचा गाभा भरायला ४ मार्च २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत सुरुवात झाली.