पदवीमागची पत

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २००५ रोजी प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर निकाल देताना छत्तीसगडच्या २००२ च्या खासगी विद्यापीठ कायद्यातील कळीची कलमे रद्द केली. त्यासरशी शंभराहून अधिक विद्यापीठांचे अस्तित्व संपुष्टात आले. त्यांतील अनेकांकडे ना इमारत होती, ना अध्यापक.

त्याच वर्षी ३० एप्रिलला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते भिलाईच्या छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठाची पायाभरणी झाली. त्याचा कायदा २००४ चा. अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र व औषधनिर्माणशास्त्राची राज्यातील महाविद्यालये एका छत्राखाली आणणे, हा त्यामागील हेतू. अध्यापन मुख्यतः संलग्न महाविद्यालयांत; अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची.

या रचनेतच तिचे सामर्थ्य आहे आणि धोकाही. संलग्नता देताना प्रयोगशाळा व अध्यापक काटेकोरपणे तपासले, तरच पदवीला पत राहते. अन्यथा सरकारी शिक्काही कागदीच ठरतो. एकेकाळी उच्च शिक्षणासाठी नागपूरकडे पाहणाऱ्या या प्रदेशात पोलाद कारखान्यामुळे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. मुलांची पदवी भिलाईबाहेर किती मानली जाते, यावरच त्यांचे पुढचे स्थलांतर ठरते. विद्यापीठ कायद्याने जन्मते. टिकते मात्र तपासणीच्या कठोरतेवर.